पोलिस सांगत नाहीत, पण ठसे पोहोचतात

प्रश्न थोडक्यात असा. भाचा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर न्यू जर्सीत एमएस करतो. एडिसनजवळच्या एका मोठ्या दुकानात सेल्फ-चेकआउटवर काही वस्तू स्कॅन न करताच बाहेर पडला, म्हणून पोलिसांनी पकडलं, ठाण्यात नेऊन ठसे घेतले आणि म्युनिसिपल कोर्टाची तारीख देऊन सोडलं. ओळखीतले सगळे मामांना धीर देतायत: "न्यू जर्सी सँक्च्युअरी स्टेट आहे, इथले पोलिस आइसला काही कळवत नाहीत, घाबरू नका." (सँक्च्युअरी स्टेट म्हणजे इमिग्रेशनच्या कामात केंद्राला मदत न करणारं राज्य, आणि आइस म्हणजे इमिग्रेशनचा कायदा राबवणारं केंद्राचं खातं.) डिसेंबरात मुलाला आईला भेटायला पुण्याला जायचंय आणि पदवीनंतर डॅलसची नोकरी जवळजवळ ठरली आहे. मामा विचारतात, खरंच काळजीचं कारण नाही का?

मी न्यू जर्सीत बरीच वर्षं इमिग्रेशनची वकिली करते आणि हा प्रश्न थोड्याफार फरकाने सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचे स्नेही सांगतात तो नियम खरा आहे. पण त्या नियमाचा तुमच्या भाच्याला फारसा उपयोग नाही. त्याला धोका पोलिसांनी आइसला फोन करण्याचा नाहीच. धोका त्या ठशांचा आहे, पिशवीतल्या मालाच्या किमतीचा आहे, आणि "पहिलाच गुन्हा आहे, कबूल करून टाक, वर्षभरात केस मिटेल" असं कोर्टाच्या व्हरांड्यात कोणी सांगितलं तर त्या सल्ल्याचा आहे. पुणे आणि डॅलसचं बघू, पण आधी हा नियम नेमका कुणाचे हात बांधतो ते समजून घ्या.

आपल्याला भारतातली पद्धत माहीत असते. परदेशी माणसाची नोंदणी पुण्यात पोलिस आयुक्तालयात होते. कायदा केंद्राचा, राबवतात राज्याचे पोलिस. अमेरिकेत असं नाही. इमिग्रेशनचा कायदा वॉशिंग्टनचा आणि तो राबवायचा वॉशिंग्टनच्याच माणसांनी. एडिसनचा पोलिस हा एडिसनचा नोकर. केंद्र सरकार त्याला आपल्या कामाला जुंपू शकत नाही. शिवाय मुक्कामाच्या परवानगीची मुदत संपल्यावर राहणं हा तिथे दिवाणी स्वरूपाचा भंग आहे, फौजदारी गुन्हा नाही, त्यामुळे फक्त तेवढ्यासाठी अटक करण्याचा अधिकार स्थानिक पोलिसाला मुळातच नसतो. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ॲरिझोनाच्या खटल्यात हे स्पष्ट केलं.

या भूमिकेची मुळं गमतीशीर आहेत. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने पिस्तूल घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचं काम स्थानिक पोलिसप्रमुखांवर टाकलं होतं. मोंटानाचे शेरिफ जे प्रिंट्झ त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि १९९७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकले. निकाल लिहिला न्यायमूर्ती स्कालियांनी, म्हणजे त्या कोर्टातल्या सगळ्यात परंपरावादी आवाजाने. केंद्राने राज्याच्या अधिकाऱ्याला फर्मान सोडू नये, हे तत्त्व तिथे पक्कं झालं. २०१८ मध्ये ते आणखी ठळक झालं, तेही न्यू जर्सीच्याच खटल्यात आणि विषय होता खेळांवरचा सट्टा! आज सँक्च्युअरी धोरणांवर तुटून पडणारे अनेक जण बंदुकीच्या हक्कासाठी लढलेल्या त्या शेरिफचे चाहते असतात. असो.

न्यू जर्सीचा नियम २९ नोव्हेंबर २०१८ रोजी आला. तेव्हाचे राज्याचे अटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी तो पोलिसांसाठी निर्देश म्हणून काढला आणि मार्च २०१९ पासून तो लागू झाला. 'इमिग्रंट ट्रस्ट डायरेक्टिव्ह' हे त्याचं नाव. निव्वळ इमिग्रेशनच्या संशयावरून कुणाला थांबवायचं नाही, झडती घ्यायची नाही, ताब्यात ठेवायचं नाही. एखाद्या गंभीर गुन्ह्याच्या तपासाला गरज असेल तेवढी सोडली तर इमिग्रेशनची स्थिती विचारायची नाही. आइसच्या दिवाणी धाडीत सामील व्हायचं नाही. कोठडीतल्या माणसाची आइसला मुलाखत घ्यायची असेल, तर आधी त्या माणसाला वकिलाचा हक्क सांगायचा आणि त्याची संमती घ्यायची. ओशन आणि केप मे या दोन काउंट्या याविरुद्ध फेडरल कोर्टात गेल्या, पण २०२१ मध्ये थर्ड सर्किटने, म्हणजे न्यू जर्सी ज्याच्या हद्दीत येतं त्या फेडरल अपील कोर्टाने, निर्देश कायम ठेवला.

यात अपवाद आहेत आणि ते लोक विसरतात. हिंसक किंवा गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल किंवा पूर्वी कधी त्यात शिक्षा झाली असेल, गेल्या पाच वर्षांत दुसऱ्या कुठल्या 'इंडायटेबल', म्हणजे वरच्या कोर्टात चालणाऱ्या गुन्ह्यात माणूस दोषी ठरला असेल, किंवा फेडरल न्यायाधीशाच्या सहीचा हद्दपारीचा अंतिम आदेश असेल, तर काउंटी जेल आइसला सुटकेची वेळ कळवू शकतं आणि त्या दिवशी रात्री ११:५९ पर्यंत माणसाला धरून ठेवू शकतं. सक्ती तिथेही नाही, मुभा आहे. आणि १९९६ च्या फेडरल कायद्यातलं कलम १३७३ वेगळंच. 'अमुक माणसाचं नागरिकत्व किंवा इमिग्रेशनची स्थिती काय' ही माहिती केंद्राला देण्यावर राज्याने बंदी घालू नये, असं ते म्हणतं. निर्देश त्याला धक्का लावत नाही. पण सुटकेची तारीख, घरचा पत्ता, कामाची जागा या गोष्टी त्यात येत नाहीत, असा अर्थ नाइन्थ सर्किटने २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या खटल्यात लावला.

'डिटेनर' हा शब्द तुमच्या कानावर पडला असेल. आइस जेलला एक फॉर्म पाठवते: हा माणूस सुटायच्या वेळेनंतर आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा, आम्ही येतो. त्यावर न्यायाधीशाची सही नसते, आइसच्याच अधिकाऱ्याची असते. बरीच वर्षं जेलवाले याला हुकूम समजत. मग पेनसिल्व्हेनियात गालार्झा नावाच्या माणसाचं प्रकरण झालं. जन्म न्यू जर्सीतला, म्हणजे जन्माने अमेरिकन नागरिक. जामीन भरल्यावरही डिटेनरवर तीन दिवस आत. २०१४ मध्ये थर्ड सर्किटने निकाल दिला की डिटेनर ही विनंती आहे, आदेश नव्हे, आणि विनंती मानून माणूस धरलात तर जबाबदारी तुमची. त्याच वर्षी ओरेगॉनमधल्या एका फेडरल कोर्टाने असं धरून ठेवणं घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा भंग ठरवलं. देशभरातल्या अनेक शेरिफांनी डिटेनर मानणं बंद केलं ते या निकालांनंतर, भरपाईच्या भीतीने. राज्यांचे बरेचसे कायदे त्यानंतर आले. या धोरणांकडे नुसतं राजकारण म्हणून बघणाऱ्यांना हा भाग सहसा ठाऊक नसतो.

आता तुमच्या भाच्याकडे येऊ. त्याला दुकानचोरीसाठी धरलं, ठसे घेतले, सोडलं. इमिग्रेशनचं कुणी विचारलं नाही. म्हणजे पोलिस निर्देशाप्रमाणेच वागले. पण घेतलेले ठसे राज्य पोलिसांकडून एफबीआयकडे जातात, आणि एफबीआयकडून ते होमलँड सिक्युरिटीच्या भांडारात आपोआप तपासले जातात. ही जोडणी २००८ पासून टप्प्याटप्प्याने झाली. कार्यक्रमाचं नाव बदललं, धोरण सैल-घट्ट झालं, पण ठशांची वाट बंद झाली नाही आणि कुठलंही राज्य ती बंद करू शकत नाही, कारण गुन्ह्यांच्या नोंदीसाठी एफबीआयला ठसे पाठवणं राज्यांना स्वतःलाच हवं असतं. कॅलिफोर्निया असो, इलिनॉय असो, न्यू जर्सी असो, हे सगळीकडे सारखंच.

इथे व्हिसावर आलेल्या माणसाची गोष्ट उलटी होते. चोरवाटेने आलेल्या एखाद्याचे ठसे त्या भांडारात नसतीलही. तुमच्या भाच्याचे नक्की आहेत. मुंबईत व्हिसासाठी दहा बोटं काचेवर ठेवली तेव्हाच ते गेले, विमानतळावर उतरल्यावर पुन्हा गेले. त्यामुळे एडिसनमध्ये घेतलेले ठसे त्याच्या नावाशी, पासपोर्टशी आणि व्हिसाशी लगेच जुळतात. ज्याने सगळं रीतसर केलं त्याचीच ओळख सगळ्यात आधी पटते. पोलिसाने तोंड उघडलं नाही म्हणून केंद्राला कळलं नाही, ही समजूत इथेच संपते.

कळल्यावर काय होतं? २०२५ पर्यंत किरकोळ गुन्ह्यात, व्हिसा चालू असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत, बहुतेक वेळा लगेच काही होत नसे. मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करी, आणि ही पद्धत जुनी आहे. पण मुक्काम चालू राही. पुढच्या वेळी देशाबाहेर गेलात की नवा व्हिसा घ्यावा लागे, एवढंच. २०२५ च्या वसंतात हे बदललं. आइसने सुमारे १३ लाख परदेशी विद्यार्थ्यांची नावं गुन्ह्यांच्या राष्ट्रीय माहितीसाठ्याशी ताडून पाहिली आणि सुमारे ६,४०० नावं जुळली, अशी माहिती सरकारच्याच अधिकाऱ्याने कोर्टात दिली. हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतल्या, नोंदी एका फटक्यात बंद झाल्या. त्यात भारतीय मुलं भरपूर होती, आणि केस फेटाळली गेलेली किंवा फक्त वाहतुकीचा दंड झालेली मुलंही होती. खटले पडले, न्यायाधीशांनी खरडपट्टी काढली आणि एप्रिलअखेर सरकारने नोंदी परत चालू केल्या. मात्र तेव्हापासून व्हिसा रद्द होणं हे सेव्हिस नोंद बंद करायला पुरेसं कारण म्हणून लिहून ठेवलं. त्याच ऑगस्टमध्ये परराष्ट्र खात्याने सहा हजारांहून अधिक विद्यार्थी-व्हिसा रद्द केल्याचं जाहीर केलं. त्यातले बरेचसे मुदतीपेक्षा जास्त राहिल्याबद्दल किंवा कायदा मोडल्याबद्दल. या सगळ्यात एकाही राज्याच्या पोलिसाला कुणाला फोन करावा लागला नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: पिशवीतला माल कितीचा होता? मुलाला विचारू नका, तो लाजेने कमी सांगेल. तक्रारीचा कागद बघा. न्यू जर्सीत २०० डॉलरच्या आतली दुकानचोरी ही 'डिसऑर्डर्ली पर्सन्स' प्रकारात मोडते. म्युनिसिपल कोर्टात चालते आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद होऊ शकते. २०० ते ५०० डॉलर म्हणजे चौथ्या श्रेणीचा गुन्हा, वरच्या कोर्टात, १८ महिन्यांपर्यंत. ५०० च्या वर तिसरी श्रेणी. मुलाला प्रत्यक्षात एक दिवसही आत जावं लागणार नाही, पण इमिग्रेशनचा कायदा किती शिक्षा झाली ते बघत नाही, किती होऊ शकली असती ते बघतो. चोरी हा त्या कायद्याच्या भाषेत नैतिक अधःपाताचा गुन्हा धरला जातो. देशात प्रवेश घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत असा एक गुन्हा केला आणि त्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षेची तरतूद असली, तर माणूस हद्दपारीला पात्र होतो. १८० डॉलरचा माल आणि २१० डॉलरचा माल यांत फरक आहे तो हा. किंमत काठावर असेल तर विक्रीकर धरला का, सवलतीची किंमत लावली की मूळ, यावर भांडायला हवं आणि वकील भांडतात.

आता त्या व्हरांड्यातल्या सल्ल्याचं. म्युनिसिपल कोर्टात 'कंडिशनल डिसमिसल' नावाची सोय आहे. पहिल्यांदा चूक करणाऱ्याने वर्षभर नीट वागायचं आणि केस रद्द होते. ऐकायला छान. पण त्यात शिरण्यासाठी आधी गुन्हा कबूल करावा लागतो. इमिग्रेशन कायद्यात 'दोषसिद्धी'ची व्याख्या अशी आहे की कबुली दिली आणि न्यायाधीशाने कसलंही बंधन घातलं, की दोषसिद्धी झाली. वर्षाने राज्याच्या कागदावरून ती पुसली गेली तरी केंद्राच्या लेखी ती राहते. न्यू जर्सीच्या वकिलासाठी केस 'डिसमिस' झालेली असते, आणि आठ वर्षांनी ग्रीन कार्डच्या मुलाखतीत तोच मुलगा 'कन्व्हिक्टेड' निघतो. वरच्या कोर्टातल्या 'प्री-ट्रायल इंटरव्हेन्शन'मध्ये मात्र बहुतेक वेळा कबुली लागत नाही, त्यामुळे ती दोषसिद्धी ठरत नाही. म्हणजे मोठा आरोप असलेला मुलगा कधीकधी छोटा आरोप असलेल्यापेक्षा स्वच्छ बाहेर पडतो! असं वेडंवाकडं आहे खरं, पण आहे ते असं आहे.

२०० च्या आतला माल असेल तर एका दोषसिद्धीने आभाळ कोसळत नाही. कमाल शिक्षा सहा महिने, त्यामुळे हद्दपारीचं ते कलम लागत नाही, आणि व्हिसा नाकारण्याच्या कलमालाही किरकोळ गुन्ह्याची सूट मिळते. पण ती सूट एकदाच. आयुष्यात असा दुसरा गुन्हा जोडला गेला तर शिक्षा कितीही लहान असो, हद्दपारीचं दुसरं कलम तयार आहे. म्हणून शक्य असेल तर आरोप मागे घेतला जावा, किंवा चोरीचा शब्दच नसलेल्या नगरपालिकेच्या एखाद्या उपविधीच्या भंगावर तडजोड व्हावी, असा प्रयत्न करायचा. फौजदारी वकिलाने इमिग्रेशनचे परिणाम सांगितलेच पाहिजेत, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पडीया खटल्यात म्हटलं आहे. प्रत्यक्षात म्युनिसिपल कोर्टातले अनेक वकील "इमिग्रेशनच्या वकिलाला विचार" एवढंच सांगून मोकळे होतात. तेव्हा कबुलीच्या आधी विचारा. नंतर विचारणाऱ्यांसाठी माझ्याकडे फारसं काही नसतं.

जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्याबद्दलही विचारणा होते, कारण त्यात दुकानचोरी नावानिशी आहे आणि नुसत्या अटकेवर कोठडी सक्तीची आहे. तो मुख्यतः बेकायदा प्रवेश केलेल्यांना किंवा खोट्या कागदांवर आलेल्यांना लागू होतो. रीतसर एफ-१ वर प्रवेश घेतलेल्या मुलाला तो सरळ लागू होत नाही.

पुणे. केस मिटेपर्यंत जाऊ नये. केस मिटल्यावरही व्हिसा रद्द झाला आहे का हे आधी बघा. सूचना ई-मेलने येते, स्पॅममध्येही शोधा. रद्द झाला असेल तर परतायला मुंबईत नवा व्हिसा लागेल, आणि अर्जात 'कधी अटक झाली होती का' हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर 'हो' असंच द्यायचं. आरोप फेटाळला असला तरी, नोंद पुसली असली तरी. ठसे त्यांच्यापुढे असतात. गुन्ह्यापेक्षा खोटं उत्तर जास्त महागात पडतं, कारण खोटेपणाची बंदी आयुष्यभराची असू शकते. ताईला सांगा, या डिसेंबरात तिनेच इकडे यावं. तिच्याकडे व्हिजिटर व्हिसा असेल तर.

डॅलसची नोकरी घ्यायला हरकत नाही, पण तिथला कायदा अगदी उलटा आहे. टेक्सासमध्ये २०१७ च्या सिनेट बिल ४ नुसार जेलने डिटेनर मानलाच पाहिजे. न मानण्याचं धोरण ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला दंड आहे आणि पदही जाऊ शकतं. पोलिस अडवलेल्या माणसाला इमिग्रेशनची स्थिती विचारू शकतात. फिफ्थ सर्किटने २०१८ मध्ये हा कायदा बहुतांशी उचलून धरला. (२०२३ चा, बेकायदा सीमा ओलांडणं हा राज्याचा गुन्हा ठरवणारा आणखी एक 'बिल ४' आहे, बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते.) २०२५ मध्ये तर जेल चालवणाऱ्या शेरिफांना आइसबरोबर '२८७(जी)' करार करणं बंधनकारक करणारा कायदा तिथे झाला. या करारात स्थानिक पोलिस प्रशिक्षण घेऊन आइसचंच काही काम करतात. जानेवारी २०२५ मध्ये देशभरात असे दीडशेपेक्षा कमी करार होते. वर्ष संपेपर्यंत ते हजारावर गेले. न्यू जर्सीत पूर्वी मॉनमथ, केप मे आणि सेलम या काउंट्यांत असे करार होते. २०१९ मध्ये राज्याने ते बंद पाडले.

म्हणजे डॅलसजवळच्या फ्रिस्कोमध्ये किंवा प्लेनोमध्ये तोच मुलगा तशाच क्षुल्लक कारणाने पकडला गेला, तर जेलमधून घरी येण्याऐवजी आइसच्या ताब्यात जाण्याची शक्यता खरी आहे. टेक्सासमध्ये ७५० ते २,५०० डॉलरची चोरी हा 'क्लास ए' गुन्हा असून त्याची कमाल शिक्षा बरोबर एक वर्ष आहे, म्हणजे वरचं हद्दपारीचं कलम नेमकं लागतं. कॅलिफोर्नियाने आणि न्यूयॉर्कने किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा ३६४ दिवसांवर आणून ठेवली आहे ती याच एका दिवसासाठी. माझ्या मते पोलिस-सहकार्याच्या कायद्यापेक्षा या एका दिवसाने जास्त घरं वाचवली असतील, पण मोर्चे आणि टीव्हीवरच्या चर्चा मात्र पहिल्यावरच होतात.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी दोन ओळी. तिथला सिनेट बिल ५४ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. डिटेनरवर धरून ठेवायला बंदी आहे. मुख्यतः ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांच्या बाबतीत सुटकेची वेळ कळवता येते. मात्र जी माहिती जेल सगळ्यांसाठी जाहीर करतं ती आइसलाही बघता येते. २०१८ मध्ये ऑरेंज काउंटीच्या शेरिफने सगळ्याच कैद्यांच्या सुटकेच्या तारखा वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली, ती यासाठीच. सांता क्लारा काउंटी उलट राज्याच्या कायद्यापेक्षाही कडक आहे. एकाच राज्यात इतका फरक पडतो. आणि हा कायदा राज्याच्या तुरुंगांना, म्हणजे मोठी शिक्षा भोगणाऱ्यांच्या कारागृहांना, बहुतांशी लागू नाही.

या कायद्यांचा आपल्या लोकांना काहीच उपयोग नाही असं मात्र समजू नका. तो होतो, पण तो मार खाणाऱ्या बायकोला. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आलेली मुलगी, नवरा म्हणतो, "पोलिसांना बोलावलंस तर दोघांनाही परत पाठवतील." न्यू जर्सीत ती ९११ लावेल तेव्हा आलेला पोलिस तिचा व्हिसा विचारणार नाही. अंगावर मारहाणीची खूण दिसली तर नवऱ्याला अटक करणं त्याला बंधनकारक आहे, आणि संरक्षणाचा आदेश त्याच रात्री मिळू शकतो. पोलिसांनी गुन्ह्याचा दाखला दिला तर तिला स्वतःच्या नावाने यू-व्हिसाचा, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या व्हिसाचा, अर्ज करता येतो. वर्षाला दहा हजारांचीच मर्यादा असल्याने रांग फार लांब आहे, पण अर्ज तिचा स्वतःचा असतो. नवऱ्याचं काय होईल, असंही घरचे विचारतात. साध्या मारहाणीचा आरोप म्युनिसिपल पातळीवरचा असेल तर जेल आइसला कळवणार नाही. पण ठसे जातील, घरगुती हिंसेत दोषी ठरला तर हद्दपारीचं वेगळं कलम आहे, आणि संरक्षणाचा आदेश मोडल्याचं कोर्टाने ठरवलं तर तेवढंही पुरतं. आदेश असताना "समजूत काढायला" फोन करणारे सासू-सासरे मुलाला नेमक्या याच खड्ड्यात ढकलतात.

शिवाय राज्याचा नियम राज्याच्याच माणसांना बांधतो. आइसला न्यू जर्सीच्या रस्त्यावर, पार्किंगमध्ये, कोर्टाबाहेर अटक करायला राज्याची परवानगी लागत नाही. खाजगी कंपन्यांशी करार करून इमिग्रेशन कोठड्या चालवू नयेत, असा कायदा राज्याने २०२१ मध्ये केला होता. एलिझाबेथमधली कोठडी चालवणाऱ्या कंपनीने त्याला आव्हान दिलं आणि जुलै २०२५ मध्ये थर्ड सर्किटने तिच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूअर्कमध्ये डेलनी हॉल ही हजार खाटांची कोठडी सुरू झाली, आणि त्याच महिन्यात केंद्राने न्यूअर्क, जर्सी सिटी, पॅटरसन आणि होबोकेन या चार शहरांवर त्यांच्या धोरणांसाठी दावा लावला. पोलिसांनी मदत न करणं एक, आणि आइसला अडवणं वेगळंच. दुसरं कुठल्याच राज्याच्या हातात नाही.

मग या आठवड्यात काय करायचं? कोर्टाची तारीख चुकवू नये. गैरहजर राहिला तर वॉरंट निघतं, आणि ते राष्ट्रीय नोंदीत चढलं की वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टींना वेग येतो. फौजदारी वकील आणि इमिग्रेशनचा वकील कबुलीच्या आधी एकमेकांशी बोललेले असावेत. दोन वेगळ्या फिया द्यायला जिवावर येतं, कळतं, पण इथे काटकसर नको. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला काय आणि कधी सांगायचं ते वकिलाला विचारून ठरवा, कारण सेव्हिसमध्ये नोंदी करणारं ते ऑफिसच असतं. सेव्हिसची नोंद चालू आहे ना, हे मात्र त्यांना लगेच विचारायला हरकत नाही. आय-९४ ची, म्हणजे देशात प्रवेश घेतल्याच्या नोंदीची, प्रत खिशात ठेवावी. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा, हा कायदा जुनाच आहे. आइसच्या माणसाने काही विचारलं तर खोटं बोलू नये आणि वकिलाशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नये. 'स्वखुशीने परत जातो' असे कागदही त्यात असतात. ताब्यात घेतलंच तर भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा असं त्याने स्वतः म्हणावं, कारण भारतीयांच्या बाबतीत ते आपोआप कळवलं जात नाही, मागावं लागतं.

आणि केस कशीही संपली तरी कोर्टाकडून निकालाची शिक्क्याची प्रत घ्या, एक नाही, चार-पाच. मूळ तक्रारीचा कागदही ठेवा, ज्यावर मालाची किंमत लिहिलेली आहे. म्युनिसिपल कोर्टं जुने कागद कायम सांभाळत नाहीत, आणि ओपीटी (पदवीनंतर काम करायची परवानगी), एच-१बी (नोकरीचा व्हिसा), ग्रीन कार्ड, नागरिकत्व अशा प्रत्येक टप्प्यावर हे कागद मागितले जाऊ शकतात.